पथ्य म्हणायचं नाही

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकिणीने मला नाव, गाव, नोकरी यांतलं काहीच विचारलं नाही. फाटकाच्या आत उभ्या राहून त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"त्यात काय आहे?"

पिशवीत टोस्टचा पुडा, शेवेचं पाकीट आणि दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया होत्या. मी तसं सांगितलं.

"हे रात्रीचं जेवण?"

"हो."

"किती दिवसांपासून?"

"नागपूरला आलो तेव्हापासून. तीन वर्षं झाली."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, टोस्टचा पुडा उलटा केला, मागची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली आणि पुडा परत माझ्या हातात दिला. "खोली वर आहे. हवा चांगली येते. पण हे घेऊन माह्या जिन्यानं वर चढाचं नाई. बाहेर खाऊन ये, नाहीतर गाईले टाक. मी तं गाईलेही टाकत नाई."

मी खोली घेतली. हवा खरंच चांगली येत होती, आणि माझ्या जेवणाची इतकी गंभीर चौकशी घर सोडल्यापासून कोणी केली नव्हती.

त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे. भाजीवाला, पोस्टमन, गल्लीतली लहान मुलं, त्यांचा स्वतःचा जावईसुद्धा. धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात त्या तीस वर्षं नर्स होत्या आणि शेवटची बरीच वर्षं सर्जरीच्या वॉर्डाच्या प्रमुख. निवृत्त झाल्या तरी चालणं वॉर्डातलंच राहिलं होतं, भरभर आणि आवाज न करता. आपण ओट्यावर बसून काही खात असलो आणि मागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं, की त्या उभ्या असायच्याच. त्यांचे यजमान, ज्यांना मी काका म्हणायचो, खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या राखेच्या विभागात होते. आयुष्यभर दोघांनी वेगवेगळ्या पाळ्यांमध्ये नोकऱ्या केल्या, एकुलत्या मुलीला शिकवलं, कामठी रोडच्या बाजूला हे दुमजली घर बांधलं. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. वरची खोली रिकामी होती, ती मला मिळाली. मी धंतोलीतल्याच एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं आणि तपासायचं काम करायचो.

सिस्टरच्या स्वयंपाकघरात स्टीलचा एकही डबा नव्हता. सगळ्या काचेच्या बरण्या. ज्वारी, हातसडीचा तांदूळ, तूर, जवस, तीळ, शेंगदाणे, सगळं बाहेरून दिसायचं. "मले दाण्याचा चेहरा दिसला पाह्यजे," त्या म्हणायच्या. एकदा शेजारणीने दिवाळीच्या शंकरपाळ्यांसाठी मैदा मागितला तेव्हा त्यांनी तिला अर्धा तास समोर बसवलं होतं. "मैद्याले तोंडच नाई, बाई. कोण आहे, कुठून आला, त्याच्यातलं काय काढून घेतलं, काही सांगत नाई. असा माणूस तू घरात घेशील काय?" ती शेजारीण त्यानंतर दुकानातून येताना पिशवीवर पदर टाकून आमच्या फाटकासमोरून जायची.

लग्नाच्या जेवणात त्या थेट आचाऱ्याकडे जाऊन तेल कोणतं आणि कितव्यांदा तापवलंय ते विचारायच्या. वाढदिवसाला गेल्या तर मुलांसाठी उकडलेल्या शेंगा नेत. मुलं आधी तोंडं वाकडी करायची, मग शेंगा संपवायची. मी जेवताना मोबाईल पाहायचो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो ताटाजवळून उचलला. "कोण जेवून राहिलं? हा का तू?"

पण या सगळ्याला कोणी पथ्य म्हटलं की त्या भडकायच्या. "पथ्य म्हणाचं नाई. पथ्य आजाऱ्याचं असते, बरं झालं की सुटते. हे जेवण आहे." आणि कोणी बाई उत्साहाने म्हणाली, की मीही आता गोळ्या सोडून नुसती ज्वारीच खाते, तर तिला त्याहून जास्त बोलणी बसायची. "गोळीच्या जागी भाकर नाई अन् भाकरीच्या जागी गोळी नाई. डॉक्टरले इचारल्याशिवाय एक गोळी सोडली तं माह्यासारखं वाईट कोणी नाई."

त्या मुळात अशा नव्हत्या हे मला काकांकडूनच कळलं. नोकरीवरून येताना क्रीमची बिस्किटं, खारी, टोस्ट असं रोज काहीतरी आणणाऱ्या सिस्टर होत्या त्या. कामाची पाळी संपवून आलेल्या आईचं प्रेम मुलीला पिशवीतूनच मिळायचं. घरात पांढरा भात, मऊ पोळ्या, रविवारी पुऱ्या. काकांना साखरेचा आजार झाला तेव्हाही फक्त चहातली साखर बंद झाली. मग मी राहायला येण्याच्या दोनेक महिने आधी, उन्हाळ्यात, नव्या चपलेने काकांच्या डाव्या पायाला फोड आला. फोडाची जखम झाली, जखम काळी पडली आणि करंगळी काढावी लागली. ज्या वॉर्डात सिस्टरने शेकडो लोकांचे असे पाय पाहिले होते त्याच वॉर्डात, त्यांनीच शिकवून तयार केलेल्या नर्सच्या हातून काकांचं ड्रेसिंग झालं. घरी आल्यावर सिस्टरने स्वयंपाकघर रिकामं केलं आणि बरण्या आणल्या.

काका ज्वारीच्या भाकरीला हात लावत नव्हते. ताट समोर आलं की भाजी खायचे, वरण प्यायचे, भाकरी काठाशी तशीच. सिस्टर रोज वाढायच्या, काका रोज ठेवायचे. दोघेही हट्टी. मी मध्ये बसून दोघांकडे न बघता जेवायचो, कारण तोवर माझीही सोय त्यांच्याकडेच झाली होती. झालं असं, की काकांचं रक्त घ्यायला मी सुई काढली तेव्हा सिस्टरने माझाही दंड पुढे ओढला. "तुहं बी पाहू." माझी साखर सीमेवर निघाली. वय एकोणतीस. सिस्टरने रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "आता तू वरचा पेशंट. सकाळ-संध्याकाळ खाली जेवाचं."

आता मला माझं सांगायचं आहे, आणि ते सांगायला मला आजही बरं वाटत नाही.

रविवारी सकाळी सिस्टर भाजीबाजारात जायच्या. त्या वेळात मी कोपऱ्यावर झणझणीत रस्सा घातलेले तर्री-पोहे खायला निघायचो. एका रविवारी काकांनी ओट्यावरून हाक मारली. पाय स्टुलावर, पट्टी बांधलेली. "पोट्ट्या, एक प्लेट माही बी आण न. अन् गरम जिलबी असली तं पाहाजो." मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "तीस वर्षं राख खाल्ली बाबू मी. एक जिलबी नाई खाऊ काय?" मी आणली. त्यांनी डोळे मिटून खाल्ली. मला वाटलं, मी एका म्हाताऱ्या माणसाला आनंद दिला. पुढच्या रविवारी पुन्हा. मग आठवड्याच्या मधल्या दिवशीही आलुबोंडे, बालुशाही.

त्यांचं रक्त मीच तपासत होतो. रिपोर्ट खराब येत होते आणि सिस्टर हैराण होत होत्या. "आता घरात मैदा नाई, साखर नाई, तेल मोजून टाकते. मंग वाढते कशी?" त्यांनी भाताची वाटी अर्धी केली, पीठ बदललं, वहीत रोजचं ताट लिहायला घेतलं. एका संध्याकाळी रिपोर्ट हातात धरून त्यांनी मला विचारलं, "तुमची मशीन तं बिघडली नाई?"

"बिघडली असेल," मी म्हणालो.

दिवाळीनंतर जखम पुन्हा उघडली. काकांना ताप भरला. सर्जन जुने ओळखीचे होते. त्यांनी सिस्टरला खुर्ची दिली तेव्हाच मला भीती वाटली, कारण त्या डॉक्टरसमोर सिस्टर कधी बसत नसत. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला वेगळं काय सांगू? अजून काही दिवस बघतो. इन्फेक्शन वर चढलं तर कापताना घोट्यापर्यंत थांबता येणार नाही."

बाहेर लांब बाकावर आम्ही बसलो. विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं आजूबाजूला बसली होती, बहुतेकांच्या मांडीवर बिस्किटाचे पुडे. सिस्टर समोर बघत म्हणाल्या, "माह्याच्यानं काय चुकलं तेच समजून नाई राहिलं."

मला ते ऐकवेना. मी सगळं सांगितलं. जिलबी, आलुबोंडे, मशीन बिघडली नव्हती तेही. मान खाली घालून बसलो आणि आता खोली सोड म्हणतील याची वाट बघू लागलो.

त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "किती रविवार?"

"सात-आठ. मधलेही दिवस होते."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "म्हणजे माहं ताट बरोबर होतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या असं नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा एक ताण उतरला होता. हातात पुन्हा काहीतरी आल्यासारख्या त्या उठल्या. "घरी आले की रोज सकाळी सहाले खाली याचं. ड्रेसिंगचा ट्रे तू पकडाचा. तोंड फिरवाचं नाई."

काकांना पंधरा दिवसांनी घरी आणलं. ताप उतरला होता, पाय शिल्लक होता, जखम मात्र मोठी. मी रोज सहाला खाली जाऊन ट्रे धरायचो. लॅबमध्ये मी रक्त फक्त नळीत पाहिलं होतं. इथे ते ज्या पायातून येत होतं तो पाय समोर होता. तोंड फिरवलं की सिस्टर नुसतं "हं" म्हणायच्या.

एका सकाळी पट्टी बांधता बांधता सिस्टर म्हणाल्या, "आजपासून ताटात भाकर ठेवली तं ती पोटात गेली पाह्यजे जी. आता माह्याजवळ दुसरा पाय नाई."

काका एकदम बोलले. इतक्या दिवसांत मी त्यांना एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

"तुले वाटते मी जिभेसाठी करून राहिलो. अवं, आमच्या घरी ज्वारी आवडते मनून खात नव्हतो आमी. गहू नव्हता मनून खात होतो. भाकर पाण्यात बुडवून खाल्ली, मिठासंगं खाल्ली. खापरखेड्याले नोकरी लागली, त्या महिन्यात मायले पयली पोळी खाऊ घातली. तिनं आधी खाल्लीच नाई, हात लावून पाह्यली. किती नरम हाय, मनली. त्या दिवशी मी भाकरीतून सुटलो. अन् आता मले म्हातारपणी तू वापस तिथीच आणून राहिली. माह्या संगचे लोक भेटाले येतात, त्याईले काय दिसन? काहून, पेन्शन पुरत नाई काय याले?"

सिस्टरने पट्टीची गाठ मारली. कात्री ट्रेमध्ये ठेवली. त्या दिवशी त्यांनी काकांच्या ताटात भाकरी वाढलीच नाही, पोळी वाढली. ते मला काकांच्या बोलण्यापेक्षा जास्त धक्कादायक वाटलं.

दोन दिवस त्यांनी पोळीच वाढली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मी यायले पेशंट समजून राहिली होती. पेशंटले मी बरोबर सांभाळते. नवऱ्याशी बोलाचंच राहून गेलं." आणि मला एक यादी दिली. काकांच्या विभागातल्या चार जुन्या सोबत्यांचे फोन नंबर. "रविवारी जेवाले बोलाव. सहकुटुंब."

जानेवारी होता. बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या होत्या. सिस्टर आदल्या दिवशी ढीगभर शेंगा सोलून सोले, म्हणजे ओले दाणे, काढत बसल्या. काचेच्या कपाटातली, मुलीच्या लग्नानंतर न वापरलेली चिनी मातीची ताटं त्यांनी काढली, मी पुसली. टेबलावर धुतलेली पांढरी चादर. मधोमध फुलं. काकांना इस्त्रीचा सदरा. काका विचारत राहिले, "बनवून काय राहिली?" सिस्टर म्हणाल्या, "जेवण."

चौघे सोबती आले, त्यांच्या बायका आल्या. गप्पा सुरू झाल्या, राखेच्या पाइपलाइनच्या, मेलेल्या साहेबांच्या. मग ताटं आली. त्या सुंदर ताटांमध्ये अंबाडीची भाजी, सोल्यांची उसळ, जवसाची चटणी, ताकाची कढी, आणि तव्यावरून थेट आलेल्या ज्वारीच्या भाकरी. काकांचा चेहरा पडला. त्यांनी मान वर केली नाही.

सिस्टर बसल्या नाहीत. एका हाताने खुर्चीची पाठ धरून उभ्याच राहिल्या.

"मले एक सांगाचं आहे, मंग जेवा. मी नर्स झाली तेव्हाची गोष्ट. माही आई गावाहून आली. ज्वारीचं पीठ अन् अंबाडी, फडक्यात बांधून. त्याच दिवशी माह्या ड्युटीवरच्या मैत्रिणी चहाले आल्या. मी ते गाठोडं खाटेखाली ढकललं. त्यायले बिस्किटं दिली. आई पाहत होती. रात्री तिनं गाठोडं काढलं, मागच्या अंगणात चूल मांडली, आपल्यापुरती भाकर थापली अन् एकटीच जेवली. मले काही म्हणाली नाई. नंतर कधी पीठ आणलंही नाई." त्यांनी खुर्चीची पाठ सोडली. "आपल्याजवळ गहू नव्हता याची लाज ज्यायनं तो आपल्याले मिळू दिला नाई त्यायले वाटाले पाह्यजे होती. आपण ती ज्वारीच्या डोक्यावर टाकली. ज्वारीनं आपल्याले जगवलं होतं. माह्या घरवाल्यानं आपल्या मायले पोळी खाऊ घातली, त्या पोळीचा मान आहेच. भाकरीचाही आहे. आज घरात गहू आहे, तरी मी ही थापली. पाहुण्यायसाठी. घ्या."

मग काकांचे सर्वांत जुने सोबती, जाड चष्म्याचे एक गृहस्थ, भाकरी मोडत म्हणाले, "वहिनी, माह्या घरी आता थापता येते असं कोणीच उरलं नाई. मी ढाब्यावर जाऊन मागतो." त्यांची बायको म्हणाली, "मले येते न. तुमीच तं नको मनले होते." सगळे हसले. चटणी फिरू लागली. कोणीतरी दुसरी भाकरी मागितली, सिस्टर आत धावल्या.

मी काकांकडे बघत होतो. त्यांनी भाकरीचा तुकडा तोडला, उसळीत बुडवला, खाल्ला. मग दुसरा. ताट संपवलं. नंतर त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं. सिस्टरने अर्धी भाकरी वाढली. त्यांनी मान हलवून पूर्ण मागितली.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. काका अधूनमधून पोळी मागायचे आणि सिस्टर कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची करून द्यायच्या. जिलबीची आठवण काढायचे, तेव्हा सणावाराला एक मिळायची, उघडपणे, ताटात. इन्सुलिन चालू राहिलं, ड्रेसिंग चालू राहिलं. जखम भरायला पावसाळा उजाडला. शेवटची पट्टी निघाली त्या सकाळी सिस्टरने तळपायावर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता मोजे घालाचे. अनवाणी फिराचं नाई." एवढंच. माझी साखरही सीमेच्या अलीकडे आली होती. टोस्टचा पुडा मी कधी सोडला ते मला आठवतही नाही.

पुढच्या वर्षी मी लग्न करून धरमपेठेत राहायला गेलो. हिवाळ्यात कळलं की सिस्टर फाटकाजवळ पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. मी सकाळीच गेलो. त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. काका खाली पाटावर बसले होते, डावा पाय पुढे लांब केलेला, समोर परात. कोपरापर्यंत पीठ. तव्यावरची भाकरी दोन ठिकाणी तडकली होती. पहिली तर चार तुकड्यांत ताटात पडली होती.

"पाणी जास्त गरम पाह्यजे," सिस्टर म्हणाल्या.

"हो."

"कडेनं दाबा."

"दाबतो. तू बस न वं जरा."

काकांचा फोन वाजला. पुण्याहून मुलगी होती. काकांनी पिठाचे हात वर केले, मला डोळ्यांनी खुणावलं. मी फोन त्यांच्या कानाशी धरला. मुलगी मोठ्याने बोलत होती, सगळ्यांना ऐकू जात होतं. दोन महिने आईला काही करता येणार नाही, कोपऱ्यावरच्या मेसचा डबा लावून देते, दोघांचाही, आजपासूनच.

"डबा नको लावू," काका म्हणाले. "मी आहे न घरी."

सिस्टरने डाव्या हाताने तडकलेल्या भाकरीचा तुकडा उचलला आणि जेवायला सुरुवात केली.